चुरगळलेला किनारा

नॉर्विचहून शेरिंगमकडे जाणारी छोटी गाडी क्रोमरला उलट तोंड करते आणि पुढच्याच स्टेशनात, वेस्ट रन्टनला, थांबते. तिथून उतार उतरून समुद्रावर गेले की पूर्वेला क्रोमर, ओव्हरस्ट्रँड, साइडस्ट्रँड करत ट्रिमिंगमपर्यंत दहा-अकरा किलोमीटरची वाट आहे. ओहोटीला पुळणीवरून चालावे आणि पुळण तुटेल तिथे वरची पायवाट धरावी. इंग्लंडच्या पूर्व अंगाचा हा नॉरफोक परगणा. लोक इथे येतात ते क्रोमरचा जुना धक्का पाहायला आणि तिथले खेकडे खायला. मी ही वाट सुचवतो ती उजव्या हाताच्या दरडीसाठी. ही दरड खडकाची नाही, वाळूची आणि चिकणमातीची आहे, आणि मातीच्या दरडीत पाहायचे काय, हा प्रश्न रास्तच आहे. उत्तर असे की ही माती जिथे पडली तिथे स्वस्थ राहिलेली नाही. ती ओढली गेली, दुमडली गेली, काही ठिकाणी तर उताणी झाली. एकोणिसाव्या शतकातल्या भूशास्त्रज्ञांनी तिला 'पिळवटलेला गाळ' अशा अर्थाचे नाव दिले आणि ते चिकटले. सुमारे साडेचार लाख वर्षांपूर्वी उत्तरेकडून आलेल्या हिमस्तराची ही करणी, यावर आता फारसा वाद नाही. पण करणी कशी झाली याबद्दल बहुतेकांच्या मनातले चित्र मला चुकीचे वाटते. बर्फ अवाढव्य, माती मऊ, म्हणून बर्फाने माती चुरगळली, असे ते चित्र. या वाटेवरचा पुरावा दुसरेच काही सांगतो. मातीत अडकलेल्या पाण्याने मोकळीक दिली म्हणून बर्फाला हे करता आले. ते पाणी नसते तर हाच बर्फ याच मातीवर हतबल ठरला असता.

सुरुवात दरडीच्या पायथ्याशी करावी, कारण तिथे काहीच झालेले नाही. वेस्ट रन्टनला पायथ्याशी एक काळपट, कुजलेल्या पाल्याचा थर आहे. तो एका जुन्या नदीकाठचा गाळ. १९९० च्या डिसेंबरात वादळाने दरड खरवडली, तेव्हा याच थरातून एका मॅमथची हाडे बाहेर आली. १९९५ साली रीतसर उत्खनन झाले आणि सुमारे सात लाख वर्षांपूर्वीचा, खांद्यापाशी ४ मीटर उंचीचा नर, जवळजवळ ८५ टक्के सांगाड्यानिशी मिळाला. काही हाडांवर तरसांच्या दातांच्या खुणा होत्या. तरसांनी विस्कटले तेवढेच. आता हिशेब मांडू. या हाडांच्या वरून, काही मीटर उंचीवरून, पुढे साडेचार लाख वर्षांपूर्वी अख्खा हिमस्तर गेला. त्याने वरचा गाळ असा पिळला की कोणता थर कुठला हे ओळखणे अवघड व्हावे. आणि खालचा काळा थर मात्र अंथरलेल्या चटईसारखा सपाट राहिला, हाडेही जागची हलली नाहीत. वजनच सगळे करत असेल तर वजन काही मध्येच थांबत नाही. वरच्या थरावर जितका भार, तितकाच, किंबहुना कणभर जास्तच, खालच्या थरावर. मग वरचा चुरगळला आणि खालचा वाचला, याचा अर्थ हालचाल कुठल्या तरी एका पातळीवर सुटी झाली. गुळगुळीत फरशीवर सतरंजी ढकलली की सतरंजीला सुरकुत्या पडतात आणि फरशीला त्याचा पत्ताही नसतो, तसे. तेव्हा शोधायचे ते हेच, की ती पातळी इतकी निसरडी का झाली.

पूर्वेकडे चालत राहिले की सुरकुत्या मोठ्या होत जातात. हातभर उंचीची एखादी घडी निवडून तिच्यासमोर बसावे. पिवळट वाळू आणि करडी चिकणमाती, नखाइतक्या जाडीचे एकाआड एक पापुद्रे. बोट ठेवून एकच पापुद्रा धरला तर तो सरळ जातो, वर चढतो, नाकाडासारखे वळण घेतो आणि आपल्याच खालून उलटा परत येतो. वळणाच्या टोकाशी तो ताणून कागदाइतका पातळ झालेला असतो, पण तुटत नाही. भिंगातून पाहिले तर वाळूचे कण भरडलेले दिसत नाहीत. काही ठिकाणी चिकणमातीला भेगा आहेत आणि त्या भेगांत खालची वाळू शिरेसारखी वर घुसली आहे. कोरडी वाळू भेगेत वर चढत नाही. दाबाखालचे पाणी तिला घेऊन चढते. पुरण सैल झाले की लाटण्याखाली पोळीचे काय होते ते ठाऊक असलेल्याला हे दृश्य परके वाटणार नाही: लाटणे तेच, हात तोच, पण पुरणात पाणी राहिले की ते पारीतून वाट काढते.

ओव्हरस्ट्रँड आणि साइडस्ट्रँडच्या आसपास याहून मोठा चमत्कार आहे. करड्या-पिवळ्या मातीच्या दरडीत मध्येच पांढऱ्याशुभ्र खडूच्या खडकाचे लांबलचक तुकडे बसवल्यासारखे दिसतात. ते मूळचे इथले नाहीत. समुद्राच्या तळाशी असलेल्या खडूच्या थरातून हिमस्तराने ते उचकटले आणि मातीत आणून रोवले. त्यांतला खडू सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीचा, ब्रिटनच्या जमिनीवर दिसणाऱ्या खडूंपैकी सर्वांत तरुण. या तुकड्यांत चकमकीच्या काळ्या दगडांच्या रांगा आहेत. तुकडा कलला तिथे रांगही त्याच्याबरोबर कलली, पण रांगेतला दगड रांगेतच राहिला. खडू किती ठिसूळ असतो ते फळ्यावर लिहिलेल्या कोणालाही माहीत आहे. एवढा ठिसूळ खडक ओढत नेला, आणि त्याच्या आतली मांडणी बिघडली नाही. नेणाऱ्याने तो घासत नेला असता तर पीठच उरले असते. म्हणजे तळाशी घर्षण जवळपास नव्हतेच. तुकडा चिखलाच्या आणि पाण्याच्या पातळ थरावरून, तेल लावलेल्या पाटावरून सरकावा तसा, सरकत आला.

हे सगळे पाहणारे आधीही होऊन गेले, आणि त्यांनी काढलेले अर्थ बदलत गेले. चार्ल्स लायेल यांनी १८४० साली या दरडींवर लिहिले, तेव्हा त्यांनी ही उलथापालथ तरंगत्या हिमखंडांवर टाकली. उथळ समुद्रात हिमखंड रुतले, त्यांनी तळ ढकलला, असा त्यांचा कयास होता. त्याच वर्षी लुई अगासिझ ब्रिटनमध्ये येऊन जमिनीवरच्या जुन्या हिमनद्यांची कल्पना मांडत होते, पण ती पचायला वेळ लागला. १८८२ साली क्लेमंट रीड यांनी क्रोमरभोवतालच्या भूशास्त्राचा सविस्तर वृत्तांत लिहिला आणि हा पिळवटलेला गाळ जमिनीवर चढून आलेल्या बर्फाचा आहे असे ठरवले. रीडच बरोबर होते. हिमखंडांची धडक मिळेल त्या दिशेने होते, तर इथे जिथे दिशा मोजता येते तिथे ढकल बहुतेक उत्तरेकडून, समुद्राकडून जमिनीकडे आहे. पण 'बर्फाने ढकलले' एवढ्यावर थांबणे म्हणजे 'बैलाने ओढले' म्हणून गाडीचे चाक विसरणे. कर्ता सापडला, यंत्र राहून गेले.

यंत्र समजायला एक साधा गुणाकार पुरे. समजा बर्फाची जाडी १,००० मीटर आहे. मग त्याखालच्या दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे ९० किलोचा भार येतो. कोरडी वाळूमिश्रित माती या भाराने मऊ होत नाही, उलट घट्ट होते, कारण कण एकमेकांवर जितके दाबले जातात तितके ते एकमेकांवरून सरकायला नकार देतात. हा नकार ढोबळमानाने भाराच्या निम्म्याहून थोडा जास्त असतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ५० किलोच्या आसपास. आता दुसरी बाजू. उतारावरून वाहणारा बर्फ आपल्या तळावर आडवा जो ओढा लावतो तो दर चौरस सेंटीमीटरला १ किलोच्या आसपास, फार झाले तर. त्यापलीकडे बर्फ स्वतःच आतून वाकतो. पन्नासाला एक! या शर्यतीत माती हरणे शक्य नाही. पण मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी भरलेले असेल, आणि त्याला निसटायला वाट नसेल, तर भाराचा मोठा वाटा पाणी उचलते आणि कणांना एकमेकांवर दाबायला थोडाच उरतो. कार्ल टेर्झागी यांनी १९२५ साली मृदायांत्रिकीत हाच नियम बसवून दिला, आणि धरणांचे अभियंते आज त्यावरच हिशेब करतात. ९० पैकी ८८ किलो पाण्याने उचलले तर मातीचा नकार एका किलोच्या आसपास येतो, आणि मग बर्फाचा तो किरकोळ ओढा तिला वाहून न्यायला पुरेसा होतो. सह्याद्रीतल्या दरडी आषाढात कोसळतात, चैत्रात नाही. डोंगराचा उतार चैत्रातही तेवढाच असतो. भाताच्या खाचरात चिखलणी पाणी भरल्यावरच करतात. या दोन्हींमागे जो नियम, तोच नॉरफोकच्या दरडीमागे.

यावर कोणी म्हणेल की हा कागदावरचा गुणाकार झाला, प्रत्यक्ष बर्फाखाली कोणी पाहिले आहे का? पाहिले आहे. १९७० च्या दशकात जेफ्री बोल्टन यांनी आइसलंडमधल्या ब्रेदामेर्कुर्योकुत्ल या हिमनदीच्या कडेपाशी बर्फात बोगदे खणून खालच्या गाळात खुणेचे तुकडे रोवले आणि काही दिवसांनी उकरून पाहिले. सरळ रोवलेली रांग वरच्या भागात पुढे वाकली होती. बर्फाच्या तळाची जी पुढची चाल मोजली, तिच्यातला सुमारे ८८ टक्के वाटा गाळ वाहिल्याचा निघाला. आइसलंडमध्येच ब्रुआर्योकुत्ल या हिमनदीने १८९० साली अचानक धाव घेतली आणि ती सुमारे १० किलोमीटर पुढे आली. तिच्या पुढ्यात आजही हिरवळीने झाकलेले दुमडलेले उंचवटे उभे आहेत. त्यांच्या आत ज्वालामुखींच्या राखेचे काळे-पांढरे पट्टे आहेत, आणि ते घड्या घातलेल्या धोतराच्या काठासारखे वर-खाली गेलेले दिसतात. नॉरफोकला जे साडेचार लाख वर्षे जुने म्हणून पाहायचे, ते तिथे सव्वाशे-दीडशे वर्षांचे आहे. रचना तीच.

आता अधिक टोकदार आक्षेप. पहिला असा की मऊ गाळ बर्फाशिवायही दुमडतो. जड वाळू हलक्या ओल्या चिखलावर साचली की ती खाली बसते, चिखल बाजूने वर उसळतो, आणि घड्या दिसतात. हे खरे आहे, आणि याच किनाऱ्यावर त्याची उदाहरणे आहेत. वाळूची मोठाली खोलगट कुंडे चिकणमातीत रुतलेली दिसतात, ती बहुधा अशीच बुडाली. पण बुडणारी वाळू उभी बुडते. तिला दक्षिणेचे वावडे नसते आणि उत्तरेचे प्रेमही नसते. खडूचा तुकडा तळातून उचकटून वर आणून ठेवणे हेही बुडण्याचे काम नव्हे. दोन्ही कारणे शेजारी शेजारी काम करत होती असे मानायला माझी हरकत नाही, कारण वाळू बुडायलाही खालचा चिखल पाण्याने तट्ट भरलेला लागतो. आक्षेप कर्त्यावर आहे. यंत्राला तो धक्का लावत नाही.

दुसरा आक्षेप गोठणीचा. हिमस्तराच्या पुढची जमीन खोलवर गोठलेली होती, मग सुटी वाळू आणि ठिसूळ खडू विटेसारखे कडक झाले म्हणून अखंड वाहून आले, पाण्याचा संबंध काय? हा आक्षेप मला आवडतो, कारण तो अर्धा बरोबर आहे. गोठलेला तुकडा अखंड राहील, पण गोठलेली जमीन खालच्या जमिनीला घट्ट चिकटूनही राहील. तो तुकडा सुटण्यासाठी गोठणीच्या खालची, न गोठलेली पातळी सैल व्हावी लागते. आणि गोठलेली जमीन म्हणजे झाकण. बर्फाच्या भाराने खालचे पाणी पुढे ढकलले जाते, वर झाकण असल्याने ते फुटून निघू शकत नाही, आणि दाब चढतो. कुकरच्या शिट्टीवर बोट ठेवल्यासारखी ही स्थिती. तुकडा अखंड का राहिला याचे उत्तर गोठण देईल. तो सरकला का, याचे उत्तर पुन्हा पाण्याकडेच जाते. आणि वजनाची बाजू घेणाऱ्यांनाही इथेच त्यांचा वाटा मिळतो: वजन लागतेच, पण ते पाण्यामार्फत काम करते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. युरोपात आणि अमेरिकेत हिमस्तरांनी मागे ठेवलेल्या गाळाच्या तळाशी अनेकदा वाळूचे नाजूक, आडवे, अस्पर्श थर सापडतात. बर्फ वरून गेला आणि एक पापुद्राही हलला नाही. यान पिओत्रोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली हाच मुद्दा उचलून विचारले की बर्फाखालचा गाळ सर्वत्र वाहत होता ही कल्पना अतिशयोक्त तर नाही ना. अंटार्क्टिकाचा अनुभवही गुंतागुंतीचा. तिथल्या व्हिलन्स हिमप्रवाहाखाली, कंपनलहरींच्या साहाय्याने, सरासरी ६ मीटर जाडीचा पाण्याने भिजलेला गाळ १९८६ मध्ये ओळखला गेला. तेव्हा वाटले, हाच वाहतो आहे. पुढे बर्फाला तळापर्यंत भोके पाडून मोजमाप झाले, तर तिथे चालीचा मोठा वाटा गाळाच्या वाहण्याचा निघालाच नाही. बर्फ गाळावरून नुसता घसरत होता. त्याच भागातल्या दुसऱ्या एका प्रवाहात मात्र गाळाचा वाटा मोठा निघाला. मग माझा दावा कोलमडला का? मला उलटे वाटते. पाण्याचा दाब थोडा असेल तर गाळ घट्ट राहतो आणि बर्फ अडतो. दाब बर्फाच्या भाराजवळ पोचला की गाळ वाहतो. आणि तो भाराइतका झाला की बर्फ गाळापासून जणू सुटतो, वरून घसरत जातो, आणि खालच्या थराला ओरखडाही उठत नाही. चुरगळलेला थर आणि अस्पर्श थर हे एकाच नियमाचे दोन आकडे आहेत. सर्वत्र सारखा वाहणारा गाळ ही कल्पना सोडून द्यावी लागते, हे मान्य. ठिगळाठिगळाची गोधडी मानावी: इथे वाहता, तिथे घट्ट, पलीकडे घसरगुंडी, आणि ऋतूंबरोबर ठिगळे जागा बदलत असावीत.

कठीण खडकावर पाण्याच्या दाबाचा हा जमाखर्च उमटत नाही, हे मराठी वाचकाला घराजवळही तपासता येईल. चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा आणि पैनगंगेच्या संगमाजवळ, इरई इथे चुनखडीच्या खडकावर बर्फाचे ओरखडे आणि त्यावर गोट्यांचा थर आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ साली त्याची नोंद केली. हा बर्फ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा, भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला असतानाचा. तिथल्या ओरखड्यांवरून बर्फ कुठल्या रेषेत गेला ते कळते. बर्फाखालच्या पाण्याचा दाब किती होता, तो कधी चढला, कधी उतरला, हे कळत नाही. दगडावर पायाचा ठसा उठत नाही, चिखलात उठतो. म्हणून नॉरफोकची ही कुरूप, ढासळणारी माती इरईच्या पक्क्या फरशीहून बोलकी ठरते.

हा वाद केवळ भूतकाळाचा असता तर एवढा शब्दविस्तार करायचे कारण नव्हते. व्हिलन्सच्या शेजारचा कॅम्ब हिमप्रवाह एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास जवळजवळ थांबला, तर व्हिलन्स अजून वर्षाला काहीशे मीटर वाहतो. दोघांचा बर्फ एकाच प्रतीचा, जाडीही साधारण सारखी. तळाच्या पाण्याची वाट बदलली किंवा ते गोठले, म्हणून कॅम्ब अडकला, हे स्पष्टीकरण आज सर्वाधिक पटणारे आहे. अंटार्क्टिकाचा किती बर्फ किती वेगाने समुद्रात उतरेल, आणि मुंबईपासून क्रोमरपर्यंतच्या किनाऱ्यांवर पाणी किती चढेल, हा हिशेब करणाऱ्याने बर्फाची जाडी मोजून भागणार नाही. त्याला चिखल मोजावा लागेल.

आणि जाणाऱ्यासाठी एक शेवटचे सांगणे. ही दरड आजही मागे हटते आहे. साइडस्ट्रँडचे चर्च १८८० साली उतरवून आत नेऊन बांधावे लागले. जुना मनोरा काठावर ठेवला होता, तो १९१६ साली खाली गेला. भरतीचे वेळापत्रक पाहूनच पुळणीवर उतरा, आणि पावसाच्या आठवड्यानंतर दरडीच्या पायथ्याशी उभे राहू नका. तेव्हा मातीत पाणी भरलेले असते, आणि दरड त्याच जुन्या कारणाने सुटते, फक्त आता वर बर्फ नाही.